शाल-श्रीफळाच्या आधी नोंदवही

प्रति,
मा. अधिष्ठाता, महाविद्यालय परिषदेचे व अभ्यागत समितीचे सदस्य,
कोकणातील सर्व वैद्यकीय महाविद्यालये.

विषय : अध्यापक व कर्मचाऱ्यांच्या वार्षिक गुणगौरवाची निवडपद्धत बदलण्याबाबत.

स. न. वि. वि.

स्नेहसंमेलनाची तारीख ठरली की प्रत्येक विभागात एक फोन येतो : ‘उद्या दुपारपर्यंत सत्कारासाठी दोन नावं पाठवा.’ विभागप्रमुख ओपीडीत असतात, टेबलावर केसपेपरांची चळत असते. समोर जो दिसतो त्याचं नाव ते सांगतात. नाहीतर गेल्या वर्षी कोणाला मिळालं नव्हतं ते आठवतात, नाहीतर मार्चअखेर निवृत्त होणाऱ्याचं नाव देऊन मोकळे होतात. संध्याकाळी यादी टाइप होते आणि रात्री ट्रॉफीवाल्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर जाते. निवडलेली माणसं अपात्र असतात असं आमचं म्हणणं मुळीच नाही. बहुतेकदा ती चांगलीच असतात. पण वर्षभराच्या कामाचा निवाडा एका दुपारच्या आठवणीवर होतो, आणि आठवणीत राहतं ते पुढे वावरणाऱ्यांचं काम. रात्रपाळी, भांडार, शवागार, धुलाईघर कोणाला आठवत नाही.

आमची मागणी एकच आहे. काम झालं त्याच आठवड्यात त्याची नोंद व्हावी, आणि सत्काराची नावं त्या नोंदीतून निघावीत. बाकी सगळं याच्या तपशिलात आहे, आणि तपशिलातच गाडं अडतं म्हणून पत्र थोडं लांबलं आहे.

आधी आपल्याकडची परिस्थिती. अलिबाग आणि ओरोस (सिंधुदुर्ग) इथली शासकीय महाविद्यालयं २०२१-२२ मध्ये सुरू झाली, रत्नागिरीचं २०२३-२४ मध्ये. तिन्हींची प्रवेशक्षमता १००. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या निकषांनुसार १०० जागांच्या महाविद्यालयाला ४२० खाटांचं रुग्णालय लागतं. ही महाविद्यालयं जिल्हा रुग्णालयांच्या आधाराने उभी राहिली, आणि त्यातून एक विचित्र अडचण आली. एकाच वॉर्डात काम करणाऱ्यांत काही जण आरोग्य विभागाच्या आस्थापनेवरचे, काही वैद्यकीय शिक्षण विभागाचे, काही कंत्राटी आणि काही एजन्सीमार्फत आलेले. महाविद्यालयाची यादी आपल्या आस्थापनेपुरती बनते, जिल्ह्याची यादी जिल्ह्याच्या आस्थापनेपुरती. वीस वर्षं त्याच वॉर्डात असलेली परिसेविका दोन्ही याद्यांच्या मधल्या फटीत पडते. तेव्हा पहिली दुरुस्ती ही : ज्याचं काम महाविद्यालयाच्या किंवा संलग्न रुग्णालयाच्या आवारात होतं तो पात्र. पगार कुठल्या लेखाशीर्षातून निघतो हा प्रश्न गौरवाच्या अर्जावर नकोच.

दुसरी गोष्ट, नव्या महाविद्यालयात मोठं काम असतं ते घडी बसवण्याचं. ‘उत्कृष्ट शिक्षक’, ‘उत्कृष्ट परिचारिका’ या ठरलेल्या चौकटींत ते बसत नाही. दोन उदाहरणं जरा जवळून पाहू.

पहिलं शरीररचनाशास्त्र विभागाचं. देहदानाचा फोन बहुधा अवेळी येतो. फोन घेणाऱ्याने त्याच वेळी चार गोष्टी विचारायच्या असतात : मृत्यू किती वाजता झाला, डॉक्टरांनी मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र दिलं आहे का (रुग्णालयात मृत्यू असेल तर नमुना ४, घरी असेल तर ४अ), पोलीस केस किंवा संसर्गजन्य आजार आहे का, आणि नेत्रदान करायचं आहे का, कारण डोळे काढायचे तर ते साधारण सहा तासांच्या आत. यातलं एक विचारायचं राहिलं तर घरचे लोक तीन तालुके ओलांडून देह घेऊन येतात आणि दारातून परत जातात. तशी एक घटना झाली की त्या गावातून पुढची कित्येक वर्षं देहदान होत नाही.

देह आल्यावर मांडीच्या किंवा मानेच्या धमनीतून द्रावण सोडायचं. फॉर्मॅलिन, ग्लिसरीन, फिनॉल, स्पिरिट, थोडं थायमॉल आणि पाणी. मध्यम बांध्याच्या देहाला साधारण ८ ते १० लिटर. घाई करून दाब वाढवला तर चेहरा सुजतो, बारीक वाहिन्या फुटतात आणि द्रावण हातापायांच्या टोकांपर्यंत पोचतच नाही. कुठे रक्ताची गुठळी अडली असेल तर त्या बाजूची बोटं मऊ राहतात. ती हाताने चाचपून ओळखायची आणि तिथे सुईने वेगळं द्रावण टोचायचं. हे न ओळखणाऱ्या विभागात चार महिन्यांनी विद्यार्थ्यांसमोर काळा, वाळका पंजा येतो, आणि हाताच्या स्नायूंचं विच्छेदन त्या बॅचने चित्रावरच शिकायचं. त्यात आपला पावसाळा. जून ते सप्टेंबर हवा इतकी ओली असते की कानात, नाकपुडीत, काखेत बुरशी धरते. रोज कापड ओलं करणं, टाकीतली पातळी पाहणं, देह उलटवणं, बुरशीचा पहिला पांढरा ठिपका दिसताच फिनॉलने पुसून काढणं, हे काम विच्छेदनगृहातला परिचर करतो. डोळ्यांतून पाणी येत असतं, पंखा बंद असतो. शंभर मुलांचं पहिलं वर्ष त्याच्या हातावर उभं असतं, आणि सत्काराच्या यादीत तो ‘वर्ग चार कर्मचारी’ या सामुदायिक शब्दात येतो. वॉर्डातल्या मामांना आणि मावशींना पूर्ण नाव, आडनाव असतं. यादीत ते लिहावं, एवढं तर आजपासून करता येईल.

दुसरं उदाहरण कॅज्युअल्टीतल्या काचेच्या नळीचं. फुरसं हा विषारी साप रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या माणसाला नवा नाही. त्याच्या विषाने रक्त गोठेनासं होतं. ते तपासायची सर्वांत सोपी चाचणी अशी : नव्या, स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत २ मिली ताजं रक्त घ्यायचं, २० मिनिटं नळीला हात लावायचा नाही, मग एकदाच तिरकी करून पाहायची. रक्त पातळच राहिलं तर प्रतिसर्पविष द्यायचं. ही चाचणी फसते ती नळीमुळे. प्लास्टिकची नळी घेतली किंवा काचेची नळी साबणाच्या पाण्याने धुऊन पुन्हा वापरली, तर गोठण्याची प्रक्रिया सुरू करायला काचेचा जो पृष्ठभाग लागतो तो मिळत नाही. चांगलं रक्तही गोठत नाही. मग विष न चढलेल्या माणसाला दहा कुप्या जातात, त्यातल्या एखाद्याला जिवावरची अ‍ॅलर्जी येते, आणि ज्याला खरी गरज आहे त्याच्या वेळी साठा संपलेला असतो. दुसरी फसगत घाईची. नातेवाईक गर्दी करतात, कोणीतरी दहाव्या मिनिटाला नळी हलवून बघतं आणि चाचणी वाया जाते.

आता ज्या कॅज्युअल्टीत कोणा सिस्टरने किंवा प्रयोगशाळा परिचराने कोऱ्या नळ्यांचा वेगळा डबा ठेवला, त्यावर ‘धुऊ नये, दुसऱ्या कामाला वापरू नये’ अशी चिठ्ठी लावली, शेजारी वीस मिनिटांचा टायमर टांगला आणि पावसाळ्याआधी डबा भरून घेतला, तिथे किती चुका टळल्या? मोजता येत नाहीत, कारण त्या झाल्याच नाहीत. टळलेल्या चुकीला रजिस्टरमध्ये रकाना नसतो. तो आम्हाला हवा आहे.

नोंदवही म्हणजे २०० पानी साधी वही, प्रत्येक विभागात आणि प्रत्येक वॉर्डात एक. रकाने पाच : तारीख व वेळ, नाव व पद, अडचण काय होती, काय केलं, पुरावा कुठे आहे. चार ओळींपेक्षा जास्त लिहायचं नाही. स्वतःविषयी स्वतः लिहायचं नाही, बाकी कोणीही कोणाविषयी लिहावं : इंटर्नने सफाईगाराविषयी, सफाईगाराने प्राध्यापकाविषयी. लिहिता न येणाऱ्याने सांगावं, दुसऱ्याने लिहून खाली सांगणाऱ्याचं नाव टाकावं. नमुन्यादाखल अशी नोंद :

‘१४ जुलै, रात्री २.१०. रक्तकेंद्राची वीज गेली, जनरेटर लागेना. रात्रपाळीचे तंत्रज्ञ (पूर्ण नाव) यांनी लाल पेशींच्या पिशव्या बर्फाच्या पेटीत हलवल्या. बर्फ व पिशव्यांमध्ये जाड पुठ्ठा घातला. दर अर्ध्या तासाला तापमान लिहिले, ४ ते ६ अंश. ५.४० ला वीज आली. तापमान तक्ता, पान ३१.’

यात कौतुकाचा एक शब्द नाही. पण लाल पेशी २ ते ६ अंशांत राहाव्या लागतात आणि बर्फ पिशवीला थेट टेकला तर त्या फुटतात, हे माहीत असलेल्या कोणालाही हे चार ओळींचं टिपण वाचून त्या माणसाची किंमत कळेल. ‘अत्यंत मेहनती, मनमिळाऊ, कर्तव्यतत्पर’ ही विशेषणं वहीत आली तर सरळ खोडावीत. ती निरोप समारंभाला राखून ठेवलेली बरी.

ही वही कशी बिघडते तेही सांगतो, कारण बिघडणारच आहे. पहिला प्रकार : वर्षभर कोरी राहते आणि जानेवारीत एकाच पेनाने, एकाच अक्षरात, बारा महिन्यांच्या तारखा टाकून भरली जाते. त्यावर उपाय जुना, रोकडवहीचा. दर महिन्याच्या शेवटच्या दिवशी शेवटच्या नोंदीखाली आडवी रेघ, तारीख, सही. महिना कोरा गेला तर ‘नोंद नाही’ असं लिहून रेघ. दुसरा प्रकार : विभागप्रमुख वही स्वतःच्या कपाटात ठेवतात. वही नर्सिंग स्टेशनवर किंवा विभागाच्या ग्रंथालयात, दोरीने बांधून, उघड्यावर असावी. तिसरा प्रकार जास्त नाजूक. वहीतून कोणाचं तरी उणं काढलं जातं : ‘अमुक सर आले नाहीत म्हणून तमुक मॅडमनी केलं.’ तक्रारीला वेगळी वाट आहे. इथे फक्त केलेल्याचं नाव, न केलेल्याचं नाही.

रुग्णाचं नाव वहीत कधीही लिहू नये. नोंदणी क्रमांक पुरतो.

आता निवडीकडे. आमच्या मते समिती सात जणांची असावी : दोन अध्यापक (एक पूर्व-चिकित्सा किंवा पॅरा-क्लिनिकल विभागातला, एक क्लिनिकल, म्हणजे थेट रुग्ण पाहणाऱ्या विभागातला), एक परिचर्या संवर्गातून, एक तंत्रज्ञ किंवा औषधनिर्माता, एक वर्ग चारमधून, एक इंटर्न, आणि एक पूर्ण बाहेरचा, म्हणजे शेजारच्या जिल्ह्यातल्या महाविद्यालयातून आलेला. अधिष्ठात्यांनी समितीत बसू नये. कारण मानाचंच आहे : ते बसले की उरलेले सहा जण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मत देतात. ज्याच्या विभागाचं प्रकरण चर्चेला येईल त्याने तेवढा वेळ खोलीबाहेर जावं आणि इतिवृत्तात तसं लिहावं.

गुण देताना प्रश्न तीनच ठेवा. या कामाचा उपयोग किती जणांना झाला? हे काम आता दुसरा माणूस बघून करू शकेल का? पुरावा वहीबाहेर कुठे दिसतो? चौथा प्रश्न सगळीकडे हमखास असतो, ‘नेमून दिलेल्या कामापेक्षा जास्त काय केलं?’ तो मुद्दाम वगळला आहे. एका परिचारिकेने रात्री तीन वॉर्ड एकटीने सांभाळले, ही तिची कामगिरी म्हणून वाचली जाते, पण मुळात ती दोन रिकाम्या पदांची बातमी आहे. तिला हार घातला की पदं भरायची निकड संपते. पुढच्या वर्षी ‘गेल्या वर्षी जमलं होतं ना?’ असं विचारलं जातं. अशी नोंद समितीपुढे आली तर तिची प्रत त्याच दिवशी आस्थापना शाखेला जावी, विषय ‘रिक्त पद’. सत्कार करायचा तर करा, पण प्रत आधी जाऊ द्या.

आकड्यांवरून बक्षीस देताना हात आखडता घ्यावा. ‘वर्षभरात सुई टोचल्याची एकही घटना नाही’ म्हणून एखाद्या वॉर्डाला ढाल दिली की पुढच्या वर्षी सुया टोचतात, पण सांगितलं जात नाही. सुई टोचल्यावर एचआयव्ही प्रतिबंधाची औषधं शक्य तितक्या लवकर, दोन तासांत, आणि फार तर ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात. ढाल जाईल म्हणून गप्प बसलेल्या सफाई कामगार मावशींची ती मुदत निघून जाते. ज्या वॉर्डात अशा घटना लगेच कळवल्या जातात तो खरा शिस्तीचा वॉर्ड. तीच गत मृत्युदराची. आपल्याकडून अवघड रुग्ण गोव्यात बांबोळीला, कोल्हापूरला किंवा मुंबईला जातो. पाठवणं पुष्कळदा योग्यच असतं. पण ज्या विभागाचा मृत्युदर कमी दिसतो त्याने किती रुग्ण पुढे पाठवले हा आकडा शेजारी ठेवल्याशिवाय पहिला आकडा वाचू नये. आणि पाठवताना ऑक्सिजन पुरेल एवढा होता का, सोबत कोण गेलं, पुढच्या रुग्णालयाला आधी फोन झाला का, घाटात दरड आली तर दुसरा रस्ता कोणता हे चालकाला सांगितलं होतं का, हे नीट बसवणाऱ्याचं नाव यादीत आलं पाहिजे. रुग्णवाहिकेचे चालकही यात आले.

अध्यापकांबद्दल थोडं वेगळं बोलावं लागेल. शोधनिबंधांच्या संख्येवर पुरस्कार देण्याची पद्धत बंद करावी. आयोगाच्या २०२२ च्या पात्रता विनियमांत सहयोगी प्राध्यापक व्हायला चार वर्षांच्या अनुभवासह दोन निबंध आणि प्राध्यापक व्हायला आणखी तीन वर्षांसह चार निबंध मागितले होते. म्हणजे संख्येचं फळ बढतीत मिळतंच. त्यावर पुन्हा ढाल दिली की पैसे भरून पंधरा दिवसांत छापून देणाऱ्या नियतकालिकांचं फावतं आणि एकेका निबंधावर विभागातल्या सगळ्यांची नावं येतात, चहा आणणारा तेवढा राहतो. त्याऐवजी वर्षातला एकच निबंध निवडा आणि लेखकांना समितीपुढे बसवून साधे प्रश्न विचारा. संस्थेच्या नैतिकता समितीची मान्यता पहिला रुग्ण घेण्याआधीची आहे की नंतरची? औषधाची किंवा उपचाराची चाचणी असेल तर नोंदणी केव्हाची? प्रत्येक लेखकाने नेमकं काय केलं? मूळ माहितीचे कागद कुठे आहेत? या चार प्रश्नांत अर्धी गर्दी आपोआप पांगते.

आणि विषय आपल्या भागातला आहे का, हेही पाहावं. कोकणाला याबाबतीत लाजायचं कारण नाही. लाल विंचवाच्या दंशावरचं काम महाड परिसरातून जगापुढे गेलं. डॉ. हिंमतराव बावस्कर प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करत असताना दंशाच्या रुग्णांच्या बारकाईने नोंदी ठेवत होते. १९८२ साली त्या निरीक्षणांवरचं लेखन ‘लॅन्सेट’मध्ये आलं. पुढे प्राझोसिन हे रक्तदाबाचं साधं, स्वस्त गोळीतलं औषध या दंशावर वापरात आलं, आणि २०११ मध्ये डॉ. प्रमोदिनी बावस्करांसोबतची त्यांची चाचणी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाली. पद्मश्री मिळाली २०२२ मध्ये. ‘लॅन्सेट’मधल्या लेखनापासून सरकारी सन्मानापर्यंत चाळीस वर्षं गेली. नोंदी होत्या म्हणून चाळीस वर्षांनी तरी सापडल्या. तिथे ना वैद्यकीय महाविद्यालय होतं, ना संशोधन कक्ष. आज लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस), फुरसं, दोडामार्ग-सावंतवाडीकडचा गोचिडांमुळे पसरणारा माकडताप हे सगळं आपल्या वॉर्डात येतं आणि डिस्चार्ज कार्डावर तीन ओळींत संपतं.

शिकवण्याचं मोजमाप सर्वांत कठीण. २०१९ पासून क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम आला, लॉगबुकं आली, आणि शिक्षकांचा पुष्कळ वेळ सह्या करण्यात जाऊ लागला. विद्यार्थ्यांचा अभिप्राय घ्यावाच, पण केव्हा घेतला यावर त्याची किंमत ठरते. अंतर्गत गुण लागायच्या आधी घेतला तर सगळे शिक्षक पाचपैकी पाच. गुण विद्यापीठाकडे कायम झाल्यावर, नाव न लिहिता, आणि वर्गप्रतिनिधीने एकट्याने शंभर फॉर्म भरू नयेत म्हणून परीक्षागृहात बसवून घ्यावा. ‘कसे शिकवतात?’ असं मोघम विचारू नका. ‘या सरांनी तुम्हाला स्वतःच्या हाताने काय करायला लावलं?’ असं विचारा. उत्तर ‘काही नाही’ आलं तरी ते उत्तरच आहे. कुटुंब दत्तक कार्यक्रमात मुलांना वाड्यांवर नेणाऱ्या समाजसेवा अधीक्षकांचं आणि आरोग्य सेविकांचं नाव त्यांनाच विचारून घ्यावं. गावात कोणाच्या ओळखीवर दारं उघडतात ते मुलांना बरोबर कळतं.

प्रमाणपत्राविषयी. आज दिली जातात त्यातली बरीच प्रमाणपत्रं कागद म्हणून निरुपयोगी असतात : जावक क्रमांक नाही, पदनाम चुकलेलं, काम कोणतं ते लिहिलेलं नाही. मजकूर असा हवा : अमुक पदावरील अमुक यांनी अमुक कालावधीत अमुक काम केलं. जावक क्रमांक, तारीख, अधिष्ठात्यांची सही, शिक्का. एक प्रत सेवापुस्तकात, एक कार्यमूल्यमापन अहवाल लिहिणाऱ्या अधिकाऱ्याकडे, आणि अहवाल लिहून व्हायच्या आधी. त्यानंतर पोचलेली प्रत त्या वर्षाच्या उपयोगाची नाही. कंत्राटी आणि बाह्यस्रोत कर्मचाऱ्यांना तर हाच कागद पुढच्या भरतीत अनुभव दाखवायला लागतो. त्यांच्यासाठी तो एजन्सीच्या लेटरहेडवर नको, महाविद्यालयाच्या हवा. नावाचं मराठी स्पेलिंग त्या व्यक्तीकडून आधी लिहून, सहीनिशी घ्यावं. व्यासपीठावर आपलंच आडनाव चुकीचं ऐकत उभं राहणं फार वाईट.

ट्रॉफीऐवजी काय द्यावं? पितळी समई आणि काचेचा डॉल्फिन प्रत्येकाच्या घरी दोन-दोन झाले आहेत. तेवढ्याच पैशात तंत्रज्ञाला पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूशास्त्र संस्थेसारख्या ठिकाणी प्रशिक्षणाला पाठवता येतं का ते पाहावं. माकडतापाचा नमुना तिहेरी आवेष्टनात, थंड ठेवून, फॉर्म न भिजवता घाटावर पोचवायचा कसा हे शिकून आलेला एक माणूस पुढच्या हंगामात कामाला येतो. अध्यापकांना परिषदेसाठी कर्तव्यरजा आणि प्रवासखर्च. परिचरांना दर्जेदार मास्क आणि गमबूट, तेही बक्षीस म्हणून नाही, कारण ते मुळात द्यायचेच आहेत. आणि आपल्याकडचं सर्वांत मोठं बक्षीस रजा : गेल्या वर्षी गणपतीचे पाच दिवस ज्याने ड्युटी केली त्याला पुढच्या वर्षी गणपतीत सुट्टी, लेखी, ड्युटीचा तक्ता लागायच्या आधी. यावर महाविद्यालयाचा एक रुपया खर्च होत नाही. शिमग्यालाही हाच नियम लावता येईल, पण एका वेळी एकच भांडण अंगावर घेऊ.

समारंभ शक्यतो दुपारी दोन वाजता ठेवावा. सकाळपाळी सुटते आणि दुपारपाळी चढते तेव्हा दोन्हीकडची माणसं आवारात असतात. संध्याकाळी सातच्या कार्यक्रमाला पाहुणे नऊला येतात आणि ज्यांचा सत्कार आहे ते निम्मे रात्रपाळीला निघून गेलेले असतात, मग त्यांच्या वतीने दुसराच कोणी नारळ घेतो. पाहुण्यांच्या भाषणाआधी नावं घ्यावीत, आणि नावाबरोबर वहीतली ती चार ओळींची नोंद जशीच्या तशी वाचावी. पंधरा नावं असली तरी वीस मिनिटांत आटोपतं.

हा विषय महाविद्यालय परिषदेच्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर घ्यावा, आणि मान्य झाल्यास वह्या १ ऑगस्टपर्यंत सर्व विभागांत व वॉर्डांत पोचाव्यात, म्हणजे पावसाळ्याचे दोन महिने आणि गणपती त्यात येतील. मान्य नसल्यास कारणासह निर्णय सूचनाफलकावर लावावा, ही विनंती.

कळावे,
आपले,
कोकणातील वैद्यकीय महाविद्यालये व संलग्न रुग्णालयांतील काही अध्यापक, परिचारिका, तंत्रज्ञ व कर्मचारी